नेपथ्य आणि स्केने

मराठी नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शकांच्या खालोखाल एक नाव हमखास असते, नेपथ्यकाराचे. पडदा वर गेला की दिसणारा दिवाणखाना, जिना, चाळीची गॅलरी, खिडकीबाहेरचे आभाळ हे सारे त्याचे. संस्कृत नाटकात मात्र हाच शब्द अगदी उलट जागी भेटतो. तिथे 'नेपथ्ये' अशी सूचना आली की समजावे, आता न दिसणाऱ्या कुणाचा तरी आवाज आतून येणार. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्यगृह म्हणजे रंगभूमीच्या मागची, नटांनी रंगायची आणि वेश चढवायची खोली. नेपथ्य म्हणजे तो वेश, ते दागिने, अंगाला रंग लावण्याची ती कला. डोंगर, रथ, विमान अशा मुद्दाम बनवलेल्या वस्तूही भरत नेपथ्यातच धरतो आणि त्यांना 'पुस्त' म्हणतो. म्हणजे आजच्या अर्थाचे बी तिथे होतेच. पण खोली मागची. ती पुढे आली, तिचे दृश्य झाले, आणि मागे रिकाम्या राहिलेल्या जागेला मराठी नाटकवाल्यांनी 'रंगपट' म्हणायला सुरुवात केली.

नेमका हाच प्रवास ग्रीक भाषेतल्या एका शब्दाने केला आहे. 'स्केने' म्हणजे राहुटी, पाल, तंबू. कुठेही तात्पुरता उभारावा आणि काम झाले की मोडून न्यावा असा आडोसा. बरेच कोशकार त्याचे नाते 'स्किआ' म्हणजे सावली या शब्दाशी लावतात, आणि स्किआ व आपली 'छाया' एकाच मुळातून फुटलेल्या आहेत. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनिससच्या देवळाशेजारी, वसंतातल्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा होत. उतारावर लोक बसत, खालच्या सपाट जागेत खेळ होई, आणि त्या सपाटीच्या पलीकडच्या अंगाला नटांनी वेश बदलायची स्केने असे. पुढे तिची लाकडी, सपाट छपराची इमारत झाली. नाव राहुटीचेच राहिले.

ही राहुटी नाटकात कधी शिरली, हे बऱ्यापैकी सांगता येते. एस्किलसचे 'पर्शियन्स' इ.स.पू. 472 चे. त्या नाटकाला मागे इमारत असण्याची काहीच गरज नाही. इ.स.पू. 458 मध्ये त्याने 'ओरेस्तेइया' ही नाट्यत्रयी केली. तिचा पहिला क्षणच छपरावर घडतो. एक पहारेकरी राजवाड्याच्या माथ्यावर पडून आहे. ट्रॉय पडल्याची खूण म्हणून डोंगरामागून डोंगरावर पेटत येणाऱ्या आगट्यांची तो वर्षभर वाट पाहत आहे. काल जिथे नट मुखवटे बदलत होते, ती खोली आज अॅगमेम्नॉनचा वाडा झाली. तिला दार आहे, आणि त्या दारात क्लायटेम्नेस्ट्रा उभी आहे. नवऱ्याच्या रथापासून त्या दारापर्यंत ती तांबडी-जांभळी वस्त्रे अंथरायला लावते, तो त्यावरून चालत आत जातो आणि जिवंत बाहेर येत नाही. आत जे घडते ते प्रेक्षक फक्त ऐकतात. संस्कृत नाटककार 'नेपथ्ये' लिहून जे साधतो, जुन्या मराठी नाटकांत 'पडद्यांत' अशी सूचना देऊन जे साधले जाई, तेच हे. राहुटी आता कथेचा भाग झाली होती.

मग तिची दर्शनी भिंत रंगवायला कितीसा वेळ लागणार? अॅरिस्टॉटल म्हणतो 'स्केनोग्राफिया', म्हणजे स्केनेवरचे चित्रकाम, सोफोक्लीसने आणले. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस ते श्रेय एस्किलससाठी काम केलेल्या अगाथार्कस नावाच्या चित्रकाराला देतो. श्रेय कुणालाही द्या, शब्दाची दिशा ठरली. लॅटिनमध्ये 'स्काएना', फ्रेंचमध्ये 'सेन', इंग्रजीतून आपल्याकडे 'सीन'. कंपनी नाटकांच्या काळात रंगवलेल्या पडद्यांना 'सीनसीनरी' म्हणत. आज चारचौघांत कुणी आवाज चढवला तर 'सीन करू नकोस' म्हणतो, तेव्हा आपण राहुटीचेच नाव घेत असतो.

नेपथ्य आणि स्केने यांच्यात देवाणघेवाण झाली असे कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. दोन्हीकडे काम तेच होते. नटाला वेश बदलायला आडोसा लागतो, आडोशाला दर्शनी बाजू असते, आणि प्रेक्षकाचे डोळे त्या बाजूवर खिळले की ती सजवावी लागते. शब्द कामाच्या मागोमाग गेले. ग्रीक रंगभूमी आणि आपली रंगभूमी यांचे नाते शोधायचे तर ते इथे शोधावे, असे माझे मत आहे. गेल्या दीडशे वर्षांत ते शोधले गेले ते भलत्याच शब्दात.

तो शब्द 'यवनिका'. मराठीत नाटकाचा पडदा पडला की 'यवनिकापतन' म्हणायची पद्धत होती. यवन म्हणजे ग्रीक. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीकांचे 'इआओनेस' हे नाव, त्याचे जुन्या पर्शियनमध्ये 'यौना', प्राकृतात 'योन' आणि संस्कृतात 'यवन'. त्यावरून जर्मन पंडित एर्न्स्ट विंडिश याने 1882 मध्ये मांडले की संस्कृत नाटकावर ग्रीक नाटकाचा प्रभाव आहे, आणि पडद्याचे नावच त्याचा एक दाखला आहे. फ्रेंच अभ्यासक सिल्व्हँ लेव्ही याने 1890 मध्ये ते खोडून काढले. यवनिका म्हणजे यवनांकडून आलेले कापड असेल फार तर, पडद्याची कल्पना त्यांचीच असे त्यातून ठरत नाही. 'जवनिका' असेही रूप मिळते, आणि त्याचा संबंध वेगाशी लावणारेही आहेत.

माझ्या दृष्टीने या वादाचा निकाल एका साध्या गोष्टीने लागतो. अथेन्सच्या त्या नाट्यगृहाला दर्शनी पडदाच नव्हता. उघड्यावर, भर दिवसा, डोंगरउतारावर तिन्ही बाजूंनी बसलेल्या माणसांसमोर पडदा टांगणार कुठे? जे ग्रीकांकडे नव्हते त्याला ग्रीकांचे नाव मिळाले, म्हणून ग्रीकांनी आपल्याला नाटक दिले, हे पटण्यासारखे नाही. शिवाय संस्कृत रंगभूमीची यवनिका समोर पडणारी नव्हतीच. ती मागे, रंगभूमी आणि नेपथ्यगृह यांच्या मध्ये असे. नट घाईने आला तर पडदा झटकन सारून येई, त्याला 'अपटीक्षेप' म्हणत. मराठीने यवनिका मागून उचलून पुढे आणली. पुन्हा तीच वाट, मागून पुढे.

यवन इथे नव्हते असे मात्र नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत, खांबांवरच तसे कोरले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतले एक लेणे उत्तरेकडच्या दात्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने खोदवले. आजच्या अफगाणिस्तानात, आय खानूम इथे, काही हजार माणसे बसतील असे ग्रीक नाट्यगृह उत्खननात सापडले. पण कार्ल्याच्या खांबांवरचे यवन प्राकृतात लिहितात, बौद्ध संघाला दान देतात, आणि नाटकाविषयी अवाक्षर काढत नाहीत.

आता त्या राहुटीच्या आत जाऊ. तिथे गर्दी नव्हती. सुरुवातीला एकच नट असे, एस्किलसने दुसरा आणला, सोफोक्लीसने तिसरा, आणि शोकनाट्यापुरता आकडा तिथेच थांबला. साऱ्या भूमिका, बायकांच्यासुद्धा, या तीन पुरुषांनी वाटून घ्यायच्या. हे शक्य झाले मुखवट्यामुळे. तो ताठवलेल्या कापडाचा, सगळे डोके झाकणारा, केसांसकट असे. कापड नाशवंत, म्हणून खऱ्या प्रयोगात घातलेला त्या काळचा एकही मुखवटा उरलेला नाही. जे आहेत ते मातीचे, संगमरवराचे किंवा भांड्यांवर चितारलेले. मुखवट्याला ग्रीक शब्द 'प्रोसोपोन'. त्याचा पहिला अर्थ चेहरा. 'प्रोस' म्हणजे समोर आणि 'ओप्स' म्हणजे नजर. या 'ओप्स'चे मूळ आणि आपल्या 'अक्षि'चे मूळ एकच. समोरच्याच्या डोळ्यांपुढे येते ते प्रोसोपोन. चेहरा आणि मुखवटा यांना त्या भाषेत एकच शब्द होता. आपल्या 'मुखवट्या'त लपवण्याची छटा आहे, तिथे दाखवण्याची होती.

या व्यवस्थेतून काय निघू शकते, ते युरिपिडीसच्या 'बाकाय' नाटकात दिसते. पेन्थिअस राजा डायोनिसस देवाला मानत नाही. देव त्याला वेड लावून रानात नेतो, आणि तिथे उन्मादात असलेली त्याची स्वतःची आई, आगावे, त्याला सिंहाचा छावा समजून फाडते. मग ती त्याचे मुंडके हातात मिरवत परत येते. तिघांत भूमिका वाटायच्या तर पेन्थिअस आणि आगावे एकाच नटाकडे जातात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तो नट राहुटीत गेला, मुलाचा मुखवटा उतरवला, आईचा चढवला, आणि उतरवलेला मुखवटा हातात धरून बाहेर आला. सामान म्हणून वेगळे मुंडके करायची गरजच नव्हती. आपलाच मघाचा चेहरा हातात घेऊन आनंदाने नाचायचे, आणि हळूहळू शुद्धीवर येत तो कुणाचा हे ओळखायचे.

प्लुटार्कने याच नाटकाची एक भयंकर हकिगत नोंदवली आहे. इ.स.पू. 53 मध्ये रोमन सेनापती क्रॅससचा पार्थियनांनी पराभव केला. त्याचे डोके आर्मेनियाच्या दरबारात आणले गेले तेव्हा तिथे ट्रालेस गावचा जेसन हा नट 'बाकाय'मधलाच भाग करत होता. त्याने पेन्थिअसचा वेश दुसऱ्याकडे दिला, क्रॅससचे खरे डोके उचलले आणि आगावेचे गाणे सुरू केले. ग्रीक नाटक किती दूर पोचले होते, याचा हा पुरावा अंगावर काटा आणणारा आहे.

नटाला ग्रीक शब्द 'हिपोक्रितेस'. उत्तर देणारा, किंवा अर्थ उलगडून सांगणारा, असे दोन्ही अर्थ लावले जातात. गाणाऱ्या-नाचणाऱ्या मेळ्यातून एक जण वेगळा उभा राहिला आणि त्यांना उत्तर देऊ लागला, तो पहिला नट. दंतकथेत त्याचे नाव थेस्पिस. नाटकवाल्यांत अभिमानाने मिरवावा असा हा शब्द. पण जो स्वतःचे नसलेले बोलतो त्याच्याविषयी संशयही तितकाच जुना. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये येशू हाच शब्द वापरतो तो दिखाऊ धार्मिकांसाठी, आणि मराठी बायबलात त्याला 'ढोंगी' असे भाषांतर आहे. ग्रीकांकडे बोट दाखवायचे कारण नाही. दशावतारात आणि बोहाड्यात जो देव किंवा राक्षस होऊन येतो त्याचे 'सोंग' असते. सोंग घेणे हा तिथे मान आहे, काही घराण्यांत ते वंशपरंपरेने चालते. तोच शब्द घरात आला की 'झोपेचे सोंग' होतो, 'उगाच सोंगे करू नकोस' होतो. एकच माणूस उत्सवात पूज्य आणि वेशीत शिरला की संशयित, हे दोन्ही भाषांनी आपापल्या शब्दात नोंदवून ठेवले आहे.

मुखवट्यामागे चेहरा गेल्यावर नटाकडे उरे आवाज. तो तोलून मापून ऐकला जाई. इ.स.पू. 408 मध्ये युरिपिडीसचे 'ओरेस्तेस' झाले तेव्हा हेगेलोखस हा नट एका शब्दावर चुकला. वादळानंतर पुन्हा 'शांत समुद्र' दिसतो आहे, असे त्याला म्हणायचे होते. स्वर किंचित वेगळा लागला आणि 'गालेन' या शब्दाचा अर्थ झाला मुंगसासारखे ते लहान जनावर, जे घरात उंदीर मारायला ठेवत. अक्षरे तीच, स्वर तेवढा हलला. हजारोंच्या कानांनी तो टिपला आणि तीन वर्षांनी अॅरिस्टोफेनीसने 'बेडूक' या नाटकात त्याची चेष्टाही केली. ती भाषा स्वरांवर चालणारी होती, हे सांगायला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही, बिचाऱ्या हेगेलोखसची ही एक ओळ पुरते.

बुटांविषयीही एक गैरसमज पक्का बसला आहे. ग्रीक नट उंच टाचांचे, जाड तळाचे बूट घालून लाकडासारखे उभे राहत, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून येते. ते पुष्कळ नंतरच्या काळचे. इ.स.पू. पाचव्या शतकातला 'कोथोर्नोस' हा मऊ, पातळ तळाचा, पोटरीपर्यंतचा बूट होता. उजवा-डावा असा फरक त्याला नसे, कुठल्याही पायात बसे. त्यावरूनच थेरामेनीस या पुढाऱ्याला अथेन्सच्या लोकांनी 'कोथोर्नोस' हे टोपणनाव दिले. लोकांचे राज्य असो की मूठभरांचे, तो दोन्हींत बसे.

उतारावरच्या लोकांच्या जागेला नाव 'थेआत्रोन', पाहण्याची जागा. आपले 'प्रेक्षागृह' हीच रचना. पाहणे याच मुळापासून 'थेओरिया' झाला. परगावच्या उत्सवाला शहराने पाहायला पाठवलेली माणसे आणि त्यांचे ते पाहणे म्हणजे थेओरिया. तत्त्वज्ञांनी तो उचलला आणि आपल्या मुलांच्या परीक्षेत तो 'थिअरी' होऊन आला. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या पादुआत विद्यार्थ्यांना शवविच्छेदन नीट दिसावे म्हणून गोलाकार पायऱ्यांची खोली बांधली, तिला नाट्यगृहाचेच नाव मिळाले. इस्पितळातले 'ऑपरेशन थिएटर' त्या परंपरेतले. अथेन्समध्ये आधी लाकडी बाके होती. दगडी आसने इ.स.पू. चौथ्या शतकात, लायकर्गसच्या कारभारात पुरी झाली. पुढच्या रांगेतले डायोनिससच्या पुजाऱ्याचे कोरीव संगमरवरी आसन आजही जागेवर आहे. एपिडॉरसचे नाट्यगृह तर खालच्या 34 आणि वरच्या 21 रांगांसह उभे आहे आणि त्यात अजून प्रयोग होतात.

उताराच्या पायथ्याची सपाट जागा 'ओर्खेस्त्रा', म्हणजे नाचायची जागा. एपिडॉरसला ती सुमारे 20 मीटर व्यासाचे पुरते वर्तुळ आहे. तिथे 'खोरोस' नाचे आणि गाई. शोकनाट्यात आधी 12 आणि मग 15 जण, सुखनाट्यात 24. पुढे या दोन शब्दांनी वाटा बदलल्या. रोमन लोकांनी ओर्खेस्त्रात सिनेटरांच्या खुर्च्या मांडल्या. युरोपात ऑपेरा आला तेव्हा रंगमंचासमोरच्या त्या जागेत वादक बसू लागले, आणि जागेचे नाव वादकांना चिकटले. महाराष्ट्रात गणपतीत 'आज ऑर्केस्ट्रा आहे' म्हटले की सिनेमाची गाणी, निवेदक आणि मिमिक्री. खोरोसचा 'कोरस' झाला तो नुसता गाणारा. त्याच्या पायातला नाच हरवला असे वाटते, पण तो 'कोरिओग्राफर' या शब्दात शाबूत आहे. नाच बसवणाऱ्याने खोरोस सोडला नाही.

हा मेळा उभा करणे हे मोठे काम होते. कवीने सरकारी अधिकाऱ्याकडे जाऊन 'खोरोस मागायचा', आणि नाटक निवडले गेले की अधिकारी 'खोरोस द्यायचा'. नाटक मंजूर झाले, असे ते म्हणतच नसत. मेळ्याचा खर्च एखाद्या धनवानावर टाकला जाई, तो 'खोरेगोस'. 'पर्शियन्स'चा खोरेगोस पेरिक्लीस होता, तेव्हा ऐन विशीतला. लिसियस या वक्त्याच्या एका भाषणात एक जण न्यायालयाला सांगतो की शोकनाट्याच्या एका मेळ्यावर आपण 3000 द्राख्मा खर्च केले. कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक द्राख्मा. मेळ्यातले लोक पेशेवाईक नव्हते, साधे नागरिक होते. तालमीच्या काळात त्यांना सैन्यातून सूट मिळे.

आणि या सर्वांना नाटक शिकवणारा कवी स्वतः. त्याला नाव 'दिदास्कालोस', शिक्षक. स्पर्धेच्या नोंदीत अमक्याने नाटक 'शिकवले' असे लिहीत. इथे मला आपले 'तालीम मास्तर' आठवल्यावाचून राहत नाहीत. 'दिग्दर्शक' हा शब्द रुळण्याआधी संगीत नाटकांच्या कंपन्यांत तोच मान तालीम मास्तरांचा होता. तालीम हा अरबीतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ शिकवणे. मास्तर तर मास्तरच. जिथे नाटक वर्षानुवर्षे तोंडी, पाठ करवून, चाल बसवून, पाऊल टाकून दाखवून उभे राहते, तिथे ते करून घेणाऱ्याला लोक शिक्षकच म्हणणार. 'दिग्दर्शक' दिशा दाखवतो. मास्तर स्वतः पुढे होऊन करून दाखवतो. मला जुना शब्द अधिक खरा वाटतो.

राहुटीत आणखी दोन यंत्रे होती. पहिले 'एक्किक्लेमा', चाकांवरचा पाट. आत खून झाला की दार उघडून प्रेते त्यावरून बाहेर लोटत. शब्दात 'किक्लोस' आहे, म्हणजे चाक. किक्लोस आणि संस्कृत 'चक्र' एकाच पूर्वजाचे, म्हणजे आपले 'चाक'सुद्धा. अॅरिस्टोफेनीसच्या 'अखार्नियन्स'मध्ये एक शेतकरी खुद्द युरिपिडीसच्या दारात जाऊन हाका मारतो. वेळ नाही, म्हणतो कवी. मग निदान चाकावरून तरी बाहेर ये, म्हणतो शेतकरी, आणि कवी घरात बसल्या जागी लोटला जातो. यंत्राचे नावच क्रियापद होऊन संवादात येते, त्यामुळे ते कसे चाले याची आपल्याला खात्री होते.

दुसरे 'मेखाने', नटाला दोराने उचलून हवेत झुलवणारी यारी. देव तिच्यावरून येत. मेडिया मुलांना मारून रथात बसून छपरावरून निघून गेली, तीही बहुधा हिच्याच साहाय्याने. डोरियन बोलीतले 'माखाना', लॅटिनमधले 'माकिना', फ्रेंचमधून 'मशीन'. शिवणाचे मशीन आणि गॅरेजातला मेकॅनिक हे तिचेच नातलग. 'शांतता' या नाटकात त्रिगायोस नावाचा शेतकरी शेणकिड्यावर बसून झ्यूसकडे उडत जातो. हवेत लोंबकळताना त्याचा धीर सुटतो आणि तो भूमिका सोडून खाली यारी हाकणाऱ्या माणसाला विनवतो की बाबा रे, जरा जपून, नाहीतर भीतीने या किड्याला चारा माझ्याकडूनच मिळेल. नाटकातला विनोद आहे, पण त्या यारीखालच्या निनावी कामगाराला दोन-अडीच हजार वर्षांनंतरही आपण ओळखतो तो या एका हाकेमुळे.

'एपिसोड' हाही इथलाच. मेळ्याची दोन गाणी व्हायची, त्यांच्यामध्ये नट आत यायचे आणि बोलायचे. त्या भागाला 'एपेइसोदिओन' म्हणत, आत येण्याचा भाग. 'होदोस' म्हणजे वाट, 'एइसोदोस' आत येण्याची वाट. छापील मराठी नाटकात 'अंक पहिला, प्रवेश दुसरा' असे असते. इंग्रजी नाटकात तिथे 'सीन' असतो, राहुटीचा वंशज. मराठीने शब्दशः काही न आणता माणसाच्या येण्यावरून भागाला नाव दिले, आणि नकळत ग्रीकांच्या अधिक जवळ गेली. तिकडे मूळ शब्द मालिकेचा भाग होऊन रोज संध्याकाळी आपल्या घरात येतो.

जिथे मराठीने दिशाभूल केली असे मला वाटते तो शब्द 'शोकांतिका'. मघापासून मी 'शोकनाट्य' म्हणतो आहे ते यासाठी, आणि तेही पुरते समाधानकारक नाही. मूळ 'त्रागोदिया' म्हणजे बोकडाचे गाणे. 'त्रागोस' बोकड, 'ओदे' गाणे. बोकड बक्षीस म्हणून मिळे की बळी दिला जाई यावर मतभेद आहेत, पण शेवट दुःखाचा असावा असे त्यात कुठेही नाही. 'कोमोदिया' म्हणजे 'कोमोस'चे, उत्सवातल्या धिंगाण्याच्या मिरवणुकीचे गाणे. तिचाही शेवटाशी संबंध नाही. आपण शोकांतिका आणि सुखांतिका असे शब्द घडवले आणि नाटकाचा सगळा अर्थ शेवटच्या पाच मिनिटांत कोंबला.

'ओरेस्तेइया'चा शेवट पाहा. आईचा खून केलेल्या ओरेस्तेसवर अथेन्समध्ये खटला चालतो, मते समसमान पडतात, अथेनाच्या मताने तो सुटतो. सूडासाठी टपलेल्या देवतांना शहरात मानाची जागा दिली जाते आणि मिरवणुकीने त्यांना घरी नेले जाते. युरिपिडीसच्या 'टॉरिसमधली इफिजेनिया'त बहीण भावाचा बळी देण्याच्या बेतात असते, पत्रातल्या नावावरून ओळख पटते, आणि दोघे नौकेत बसून सुटतात. त्याच्या 'हेलन'मध्येही नवरा-बायको निसटतात. अथेन्सच्या प्रेक्षकांना ही तिन्ही त्रागोदियाच होती आणि तशीच ती स्पर्धेत उतरली. अॅरिस्टॉटलने 'इफिजेनिया'तल्या त्या ओळख पटण्याच्या प्रसंगाला उत्तम दाखल्यांत बसवले आहे. विंदा करंदीकरांनी त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणले, त्यामुळे हे मराठी वाचकाला स्वतः पडताळता येते. अॅरिस्टॉटल मागतो ती भीती आणि करुणा, आणि ती वाटेत जागते, माणूस कड्याच्या टोकाशी उभा असतो तेव्हा. तो पडला की वाचला, हे नंतरचे. नाटकाच्या वर्गात, परीक्षणात, अनुवादाच्या मुखपृष्ठावर 'ट्रॅजेडी' लिहिले तरी माझी हरकत नाही. तो शब्द निदान शेवट आधीच सांगून टाकत नाही.